आयोनीचं रिव्हॉल्व्हर आणि आर्विडचं अस्वल

आयोनी लिंडक्विस्टनं निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवली आणि बसमधली पोरं नुसती आरशातून बघून गप्प केली. हत्यार जवळ बाळगावं असं तिला कधी वाटलंच नाही. आमच्या टॅमरॅक गावात हे जरा चमत्कारिकच. इथं माणसं कचरा टाकायला जातानासुद्धा कमरेला काहीतरी अडकवून जातात. तिचा नवरा आर्विड तर चर्चला जाताना रिव्हॉल्व्हर गाडीत ठेवायचा आणि प्रार्थना लांबली की खिडकीतून गाडीकडे बघत बसायचा.

पण गेल्या जूनमध्ये डोंगराच्या वाटेवर तिच्या कुत्र्याला खुळखुळ्या साप चावला. कुत्र्याचं नाव बिस्किट. मी तिची शेजारीण, तेव्हा बरोबर होते. बिस्किटनं दगडाखाली नाक घातलं, आतून खुळखुळा वाजला, आणि पुढचे काही दिवस त्याचं तोंड भोपळ्याएवढं झालं होतं. बिचारा वाचला, पण त्यानंतर त्यानं डोंगर या विषयाशी संबंधच तोडला. आम्ही निघालो की फाटकापर्यंत यायचा, शेपूट हलवायचा आणि परत जाऊन पायरीवर झोपायचा.

"त्याच्याकडे निदान चार पाय होते, उडी मारायला," आयोनी मला म्हणाली. "माझे गुडघे बघतेस ना?"

"साप दिसला की बाजूनं जायचं."

"जिथं बाजू आहे तिथं, व्हर्लीन. कड्याच्या वाटेला कुठली बाजू?"

ते खरं होतं. त्या वाटेला एका अंगाला खडक आणि दुसऱ्या अंगाला नुसती हवा. आणि ती वाट सोडणं शक्य नव्हतं, कारण वाटेच्या शेवटी आयोनीची हकलबेऱ्यांची जागा होती. हकलबेरी, हे जांभळं आंबटगोड रानफळ, कुणाच्या परसात लावून येत नाही. ती डोंगरावर तिला वाटेल तिथंच उगवते, आणि ज्याला जागा सापडली तो ती कुणाला सांगत नाही. आयोनीनं तर ती नवऱ्यालाही सांगितलेली नव्हती. मला माहीत होती, कारण एकदा मी तिच्या मागेमागे गेले होते आणि तिनं मला झुडपात पकडलं होतं. त्यानंतर बायबलवर हात ठेवायला लावूनच सोडलं.

तर आयोनीनं ठरवलं की सापासाठी एक लहानसं, हलकं रिव्हॉल्व्हर घ्यायचं. हे तिनं सकाळच्या कॉफीला आर्विडला सांगितलं, आणि तिथंच चुकलं.

आर्विड लाकडं वाहायचे ट्रक चालवायचा. जे मोठं नाही ते त्याला खरंच वाटायचं नाही. रिव्हॉल्व्हरचा आकडा जितका मोठा तितकी गोळी जाड, आणि त्याचं स्वतःचं चव्वेचाळीसचं, नळी एवढी लांब की दारातून आधी ते आत यायचं आणि मग आर्विड. ते छातीवर बांधायला त्यानं चामड्याचे पट्टे खास शिवून घेतले होते. ते बांधून तो आरशासमोर उभा राहिलेला मी स्वतः पाहिलाय.

"डोंगरात अस्वलं आहेत," तो म्हणाला. "घ्यायचं तर अस्वल पडेल असं घे."

"अस्वलासाठी तिखटाचा फवारा आहे. मला सापासाठी पाहिजे."

"आणि अस्वल आलं तर त्याला काय सांगशील, मी फक्त सापांचं बघते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉर्सीच्या दुकानात गेलो. डॉर्सी बंदुका, गळ, गमबूट आणि मध विकतो. लहानपणी तो आयोनीच्या बसनं शाळेत जायचा, आणि अजूनही ती दुकानात शिरली की टोपी काढतो. कोपऱ्यात कॉफीच्या किटलीपाशी नेहमीची मंडळी बसली होती, आणि त्यांचा म्होरक्या ह्यूबर्ट. ह्यूबर्टला कधी काही विकत घ्यायचं नसतं. दुसरे काय घेतात ते सुधारायला तो येतो.

"मिसेस लिंडक्विस्ट, बायकांसाठी हे फार चालतं," म्हणत डॉर्सीनं काउंटरवर एक रिव्हॉल्व्हर ठेवलं. त्याची मूठ गुलाबी होती.

आयोनीनं ते खालून वरून पाहिलं. "पोटदुखीच्या त्या गुलाबी औषधात बुडवलंय का हे?"

डॉर्सीनं ते मुकाट्यानं आत ठेवलं.

मग अर्धं कपाट बाहेर आलं. आर्विड प्रत्येक मोठं रिव्हॉल्व्हर तिच्या हातात द्यायचा आणि आयोनी ते बाजूला ठेवायची, भाजीवाल्याकडची जून भेंडी ठेवावी तसं. ह्यूबर्ट उठून आला आणि म्हणाला, "आयोनी, बावीसचं घेऊन अस्वलासमोर गेलीस तर आधी त्याला समजावून सांगावं लागेल की ही बंदूक आहे."

"तू मध्ये येऊ नकोस, ह्यूबर्ट. तुला अजून बसचा दरवाजा ढकलायचा की ओढायचा ते कळलेलं नाही."

मंडळी हसली. ह्यूबर्ट जाऊन बसला.

आयोनीची निवडण्याची पद्धत तिची स्वतःची होती. ती घरून बेऱ्या वेचायची बादली घेऊन आली होती. बादली कमरेला बांधायची, रिकामं रिव्हॉल्व्हर पट्ट्यात अडकवायचं, दुकानात गोल फेरी मारायची, मग गमबुटांच्या रांगेपाशी वाकून बेऱ्या तोडल्यासारखे हात चालवायचे आणि शेवटी जमिनीवर बसून उठायचं. मोठं पोलादी रिव्हॉल्व्हर लावलं तेव्हा ती वाकली आणि तिची विजार एका बाजूनं खाली निघाली. मंडळींनी सभ्यपणे किटलीकडे तोंडं केली. दुसरं एक बरगडीत रुतलं. तिसरं वाकल्यावर बादलीत पडलं.

"गिऱ्हाइकं असं करत नाहीत," डॉर्सी हळूच मला म्हणाला.

"गिऱ्हाइकं बेऱ्या वेचत नाहीत," मी म्हटलं.

शेवटी दोन उरली. दोन्ही लहान नळीची आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याची, खिशात लाडू ठेवावा इतकी हलकी. एक अडतीसचं आणि एक बावीसचं. आर्विडनं लगेच अडतीसवर बोट ठेवलं. वजन तेवढंच, गोळी मोठी, मग लहान गोळीचं का घ्यायचं? बोलण्यात तर्क होता. डॉर्सीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आर्विडकडे बघून मिटलं आणि फक्त एवढंच म्हणाला, "दोन्ही घेऊन खाणीत जाऊ या. झाडून बघा."

गावाबाहेर खडीची जुनी खाण आहे. तिथं मातीच्या उंच भिंतीला डबे लावून सगळं गाव नेम धरतं. आम्ही आवाज अडवायच्या टोप्या कानांवर चढवल्या. आयोनीनं आधी ते अडतीसचं घेतलं, दोन्ही हातांत नीट धरलं, आणि चाप ओढला.

तिच्या हातात जणू खेचरानं लाथ मारली. हलक्या रिव्हॉल्व्हरची हीच खोड आहे. गोळीचा धक्का पचवायला त्याच्या अंगात वजनच नसतं, म्हणून तो सगळा धरणाऱ्याच्या मनगटाला मिळतो. आयोनीनं ते खाली ठेवलं, तळहात चोळला आणि नवऱ्याकडे वळली.

"आता तू."

"मला काय, मी चव्वेचाळीस झाडतो."

"झाड ना मग."

आर्विडनं झाडलं. दुसऱ्यांदाही झाडलं, कारण पहिल्या वेळी त्याचा चेहरा कसा झाला ते आम्ही पाहिलं होतं आणि ते त्याला पुसून टाकायचं होतं. दुसऱ्या वेळी तो आणखी वाईट झाला. "ठीक आहे," तो म्हणाला, आणि हात खिशात घातला. घरी जाताना गाडीचा गिअर त्यानं डाव्या हातानं टाकला.

बावीसचं मात्र नुसतं टुणकन वाजलं. डबा पडला. आयोनीच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. फक्त तिच्या बोटांच्या सांध्यांना चाप फार घट्ट लागायचा, म्हणून ती आधी अंगठ्यानं घोडा मागे ओढायची आणि मग चाप दाबायची.

"साप तेवढा वेळ थांबेल का?" आर्विडनं विचारलं.

"त्याला कुठं जायचंय? तो तिथंच राहतो."

तिनं बावीसचं घेतलं. डॉर्सीनं वर सापासाठी बारीक छर्ऱ्यांच्या काडतुसांची डबी दिली आणि गंभीरपणे सांगितलं, "मिसेस लिंडक्विस्ट, हे सापासाठी. अस्वलासाठी नाही. अस्वल दिसलं तर तिखट, आणि हळूहळू मागे."

"माहीत आहे रे."

"सांगणं माझं काम आहे."

आर्विड चार दिवस आपलं चव्वेचाळीस पुसत बसला. पाचव्या दिवशी त्यानं जाहीर केलं की ऑगस्टात हकलबेऱ्यांना तो स्वतः येणार. बायकोनं खेळणं घेतलंय, तर कुणीतरी खरं हत्यार घेऊन बरोबर असायला हवं. आयोनीनं पुष्कळ विरोध केला. बंदुकीला नाही, जागा कळेल याला. पण आर्विड एकदा हट्टाला पेटला की ट्रकसारखाच, थांबायला अर्धा मैल लागतो. शेवटी तिनं त्यालाही बायबल आणून दिलं.

ऑगस्टात एका सकाळी आम्ही तिघं निघालो. आर्विडच्या छातीवर चव्वेचाळीस, पट्ट्यांना ताजं तेल. पहिल्या चढालाच तो घामानं निथळायला लागला. दुसऱ्या चढाला ते रिव्हॉल्व्हर त्याच्या पोटावर डावीकडून उजवीकडे आपटत होतं. कड्याच्या वाटेवर तो खडकाला पाठ लावून खेकड्यासारखा चालला आणि दर थोड्या वेळानं विचारत राहिला, "अजून किती?" साप एकही दिसला नाही. आयोनी बादली हलवत पुढं चालली होती. तिच्या पट्ट्यातलं ते बावीसचं आहे की नाही हेही कळत नव्हतं.

जागेवर पोहोचलो आणि आर्विडनं टोपी काढली. झुडपं जांभळी झाली होती, जिकडे बघावं तिकडे फळ. "इतकी वर्षं," तो म्हणाला, "तू मला सांगितलंस की बेऱ्या खाली ओढ्याकाठी मिळतात."

"तू कधी विचारलं नाहीस कुठल्या ओढ्याकाठी."

तो वेचायला वाकला, पण वाकता येईना. वाकलं की रिव्हॉल्व्हरची मूठ हनुवटीला लागायची. दोनदा लागल्यावर त्यानं पट्टे सोडले, सगळा साज एका वाळक्या फांदीला अडकवला आणि सुटकेचा श्वास टाकून खडकामागं लघवीला गेला.

थोड्याच वेळात तो विजार धरून उलटा चालत परत आला.

"तिकडं कुणीतरी आहे," तो म्हणाला.

खडकामागून एक डोंगरी बोकड आला. पांढराशुभ्र, दाढीवाला, काळी शिंगं सुरीसारखी. या बोकडांना मिठाचं वेड असतं. माणूस जिथं मोकळा होतो ती जमीन ते चाटून काढतात. यानं ते काम उरकलेलं होतं आणि आता तो नाक वर करून आणखी काही आहे का ते बघत होता. फांदीला आर्विडच्या सकाळभरच्या घामात भिजलेलं चामडं लटकत होतं.

आम्हाला वाटलं तो चाटून जाईल. त्यानं आधी पट्टा चाटला, मग चावला, मग ओढला. फांदी मोडली. पट्ट्यांचा फास त्याच्या शिंगांवरून मानेत गेला, आणि बोकडानं मान झटकली तसं ते रिव्हॉल्व्हर नेमकं त्याच्या छातीवर येऊन बसलं. आर्विडपेक्षा त्याला ते जास्त शोभत होतं, हे मला मान्य केलं पाहिजे. मग तो दोन उड्यांत वरच्या कपारीवर गेला, आमच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि पट्ट्याचं टोक चघळायला लागला.

"ते भरलेलं आहे," आर्विड म्हणाला.

आम्ही तिघं एका दगडामागं आडवे झालो.

"त्याला बोटं नाहीत, आर्विड," आयोनी खालूनच म्हणाली.

"जीभ आहे ना. तो चामडं खातोय. चामडं संपलं की आत चाप आहे."

त्या डोंगरावरचं सगळ्यात जबर हत्यार बोकडाकडे होतं आणि बोकडाला घाई नव्हती.

आयोनीनं आपलं बावीसचं काढलं. बोकडाकडे नव्हे, बाजूच्या मऊ मातीच्या बांधाकडे धरलं, घोडा ओढला आणि एक बार काढला. टुण. बोकडानं चघळणं थांबवलं. वाचनालयात कुणी खोकलं की ग्रंथपाल जसा बघतो तसं आमच्याकडे पाहिलं. आणि परत चघळायला लागला.

"एवढ्यासाठी खरी बंदूक लागते," आर्विड म्हणाला.

"ती त्याच्याकडे आहे," मी म्हटलं.

तेव्हा आर्विडनं माझ्या पट्ट्यातला तिखटाचा डबा हिसकला. आयोनी ओरडली, "अरे, वारा," पण तोवर त्यानं दाबलं होतं. वारा वरून येत होता. तो लाल ढग कपारीकडे जेमतेम हातभर गेला, विचारात पडला, आणि परत येऊन आमच्यावर बसला. त्यानंतर बराच वेळ आम्ही तिघं जमिनीवर कपाळ टेकून रडत होतो. मी शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलाय, कांद्याची पोतीच्या पोती चिरली आहेत, पण असं रडले नव्हते. बोकडाला शिंकसुद्धा आली नाही.

आयोनीला आधी डोळे उघडता आले. "त्याला मीठ पाहिजे," ती म्हणाली. "आर्विड, शर्ट काढ."

"काय?"

"शर्ट. आणि आतला बनियनपण."

"व्हर्लीन आहे इथं."

"व्हर्लीनला काही दिसत नाहीये. काढ."

त्यानं काढला. शर्ट पिळला असता तर पेलाभर निघालं असतं. आयोनीनं तो मोकळ्यावरच्या सपाट दगडावर पसरला, बनियन शेजारी ठेवला, आणि आम्ही रांगत बरंच मागं सरकलो. अशा बोकडाच्या जवळ राहायचं नसतं, ती शिंगं शोभेची नसतात. बोकडानं वास घेतला. खाली आला. शर्टात तोंड घालायला त्यानं मान वाकवली, तसा पट्ट्यांचा फास सैल होऊन शिंगांवर आला. तिथं अडकला. आर्विड देवाशी काहीतरी बोलत होता. बोकडानं वैतागून डोकं झाडलं आणि सगळा साज गवतात पडला. मग त्यानं शर्ट तोंडात धरला, बनियन सोडून दिला, आणि कडा चढून निघून गेला. तो शर्ट आर्विडच्या बहिणीनं ख्रिसमसला दिलेला होता.

रिव्हॉल्व्हर धड होतं. चामडं मात्र पार चावलेलं, आणि लाकडी मुठीवर दातांच्या खुणा.

बनियनवर बोकड उभा राहून गेला होता, तो काही घालण्यासारखा राहिला नव्हता. म्हणून उतरताना आर्विड उघडाच होता. उघड्या छातीवर ते चावलेले पट्टे, डोळे टोमॅटोसारखे, गालांवरून पाणी. मागून आम्ही दोघी तशाच. वाटेच्या तोंडाशी ह्यूबर्ट भेटला. तोही बादली घेऊन आला होता, पण बादली पाठीमागं लपवून उभा होता. त्यानं आर्विडला खालपासून वरपर्यंत पाहिलं, दातांच्या खुणा पाहिल्या, आणि टोपी काढली.

"अस्वल?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

आर्विडनं होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यानं एक दीर्घ श्वास घेतला आणि डोंगराकडे पाहिलं. एवढं पुरलं.

घरी पोहोचेपर्यंत गावाला कळलेलं होतं. संध्याकाळी ह्यूबर्टनं वाटेच्या तोंडाशी फळी ठोकली आणि तिच्यावर लाल रंगानं "माजलेलं अस्वल" असं लिहिलं. आयोनी खरं सांगायला निघालीच होती. फाटकापर्यंत गेली. मग थबकली.

"व्हर्लीन," ती म्हणाली, "आता त्या वाटेला कुणी फिरकणार नाही, नाही का?"

"नाही."

"हंगाम संपेपर्यंत."

"नाही."

ती परत फिरली आणि पायरीवर बिस्किटशेजारी बसली. बायकोनं तोंड मिटलंय हे बघून आर्विडची भीड चेपली. पुढचे दोन आठवडे तिनं एकटीनं त्या जागेवरून बादल्यांवर बादल्या उतरवल्या, आणि आर्विड डॉर्सीच्या किटलीपाशी बसून चावलेली मूठ लोकांना हात लावू देत राहिला. रोज अस्वल थोडं वाढत होतं.

घात ह्यूबर्टनं केला, एका साध्या प्रश्नानं. त्यानं विचारलं, "मग तू गोळ्या किती झाडल्यास?" आता चव्वेचाळीसमधून तर एकही झाडलेली नव्हती, आणि खाणीत नेम धरणाऱ्या माणसांपुढं आर्विडला त्या बाबतीत खोटं बोलवेना. "मी नाही," तो म्हणाला. "आयोनीनं झाडली. एकच. बावीसची." आणि तेवढं तरी खरं सांगितलं म्हणून त्याला बरं वाटलं.

दोन दिवसांनी डॉर्सी आयोनीच्या दारात आला. टोपी हातात.

"मिसेस लिंडक्विस्ट, माझ्याकडची सगळी बावीसची हलकी रिव्हॉल्व्हरं गेली. आणखी मागवली आहेत लोकांनी."

"बरं झालं की."

"ते अस्वलासाठी घेतायत. मी नको म्हटलं तर म्हणतात, आयोनीनं एका गोळीत पळवलं. ती पोरसवदा मार्गिट तर तिखटाचे डबे परत देऊन गेली. म्हणाली, आता याची गरज नाही." तो जरा घुटमळला. "तुम्ही खरंच पळवलंत का?"

मी तिथं बेऱ्या निवडत बसले होते. आयोनीचा चेहरा मी बघितला आणि माझ्या हातातली बेरी हातातच राहिली. मार्गिटलाही ती बसनं शाळेत न्यायची. गावातल्या निम्म्या माणसांना तिनं बसनं नेलंय, आणि प्रत्येक जण दारात नीट उतरला का ते बघूनच गाडी हलवलीय.

त्या रविवारी चर्चमागच्या पटांगणात सगळ्या गावाचं जेवण होतं. आयोनी बटाट्याच्या कोशिंबिरीचं पातेलं खाली ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "अस्वल नव्हतं. बोकड होता. माझ्या गोळीनं तो साधा दचकलाही नाही. बावीसच्या भरवशावर कुणी अस्वलासमोर जाऊ नका."

मग ह्यूबर्ट प्रेमानं म्हणाला, "आयोनी, तुझी बेऱ्यांची जागा तिकडंच आहे वाटतं?"

हशा पिकला. लोकांना पटलं की तिला आपलं शौर्य झाकायचंय, किंवा बेऱ्यांवरून कसला तरी डाव आहे. नेमका कुठला ते कुणी ठरवलं नाही, पण डाव आहे यावर एकमत होतं. हकलबेऱ्यांच्या बाबतीत आयोनी खोटं बोलते, हे गावाला ठाऊक होतं. तिनं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तिचा आवाज चढला, तसतसे ते जास्त हसत गेले. मार्गिट म्हणाली, "किती विनय आहे तुमच्या अंगी." आयोनी माझ्याकडे बघायला लागली. मीही सांगितलं. मी तिची मैत्रीण, मला कोण विचारतो.

मग आर्विड उठला. आधी त्यानं ताटली नीट बाजूला ठेवली.

"मी लघवीला गेलो होतो," त्यानं सुरुवात केली.

आणि सगळं सांगितलं. फांदी, पट्टा, बोकडाच्या छातीवर चव्वेचाळीस, दगडामागं पालथं पडणं. तिखटाचं सांगताना त्यानं वारा कुठून होता तेही दाखवलं. शर्टाचं सांगताना बहिणीकडे बघून माफी मागितली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण थांबला नाही. "बायकोचं रिव्हॉल्व्हर सापासाठी आहे," शेवटी तो म्हणाला. "सापासाठी चांगलं आहे. माझं कशासाठी आहे ते मला अजून कळलेलं नाही."

ह्यूबर्टनंसुद्धा विश्वास ठेवला. स्वतःबद्दल असलं काही कुणी रचून सांगत नाही.

मार्गिटनं सोमवारी तिखटाचे डबे परत घेतले. डॉर्सीनं ज्यांनी ज्यांनी अस्वलासाठी म्हणून रिव्हॉल्व्हर घेतलं होतं त्यांची परत घेतली. काहींनी सापासाठी म्हणून ठेवून घेतली. आर्विडच्या गोष्टीत बेऱ्यांची जागाही आपोआप आलीच होती, आणि पुढच्या शनिवारी कड्याच्या वाटेवर बादल्यांची रांग लागली. आयोनीनं खालच्या वळणावर उभं राहून ती पाहिली. रविवारी आम्ही वर गेलो तर झुडपांवर पानं तेवढी उरली होती, आणि कुणीतरी सँडविचचा कागद टाकून गेलं होतं. तिनं तो उचलून बादलीत टाकला. त्या दिवशी बादलीत तेवढंच होतं.

ती रडली वगैरे नाही. पण बरेच दिवस बेऱ्यांचं नाव काढलं तरी विषय बदलायची. आर्विड घरात पाय न वाजवता चालायचा. आणि मग सप्टेंबरात एका सकाळी मी खिडकीतून बघितलं तर दोघं गाडीत बसत होते. आर्विडच्या छातीवर काही नव्हतं, खांद्याला फक्त जेवणाची पिशवी. संध्याकाळी परत आले तेव्हा त्याच्या गुडघ्यांना चिखल होता, दोघांचे ओठ जांभळे होते आणि दोघंही विनाकारण हसत होते.

मी कुंपणाशी जाऊन विचारलं, "कुठं गेला होतात?"

"ओढ्याकाठी," आर्विड म्हणाला.

"कुठल्या ओढ्याकाठी?"

आयोनीनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग आर्विड म्हणाला की हवा छान आहे, आणि दार लावून घेतलं. मी त्यांच्या शेजारी राहते, बोकडासमोर त्यांच्याबरोबर पालथी पडलेय, पण ती जागा मला अजून माहीत नाही.